परदेशातलं बिऱ्हाड

तर मंडळी, आमचं एडिसनचं बिऱ्हाड येत्या शुक्रवारी उठतंय. अकरा वर्षं आणि चार महिने. एक अपार्टमेंट, दोन गाड्या (दुसरी कालच विकली), तीन नोकऱ्या आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत आपला नंबर नेमका कधी लागणार हे कधीच न कळल्याचा कंटाळा. आता पुण्याला परत. कारणं तीच, सगळ्यांची असतात ती. आई-बाबांची वयं, मुलीची शाळा, आणि 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही धास्ती.

सामान विकायला काढलं तेव्हा सगळ्यात आधी गेलं ते डायनिंग टेबल. खरं तर त्याला डायनिंग टेबल म्हणणं म्हणजे अतिशयोक्तीच. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात घेतलेलं घडीचं टेबल ते. 'सध्यापुरतं घेऊ, चांगलं नंतर बघू' असं म्हणून घेतलेलं. अकरा वर्षं आम्ही त्या सध्यापुरत्या टेबलावर जेवलो. ते न्यायला आलेला मुलगा नुकताच एम.एस. करून नोकरीला लागलाय. टेबल हलवून बघत तो म्हणाला, "सध्यापुरतं ठीक आहे, नंतर चांगलं घेईन." मी काही बोललो नाही. पाच डॉलर कमी केले.

मराठीत या प्रकाराला फार चपखल शब्द आहे. बिऱ्हाड. घर वेगळं, बिऱ्हाड वेगळं. मुंबईच्या चाळीत उभा जन्म काढलेली माणसंसुद्धा 'घरी जातो' म्हणाली की समजायचं, कोकणात निघाली. चाळीत असायचं ते बिऱ्हाड. आम्हीही अकरा वर्षं तेच केलं, फक्त बोटीऐवजी विमान. चांगलं टेबल घेतलं नाही, भिंतीला फार खिळे ठोकले नाहीत, गॅलरीत तुळस लावली पण जमिनीत काही लावलं नाही. परत तर जायचंच आहे ना!

आता इथला शेवटचा मोकळा शनिवार कुठे घालवायचा, असा प्रश्न होता. लोक अशा वेळी नायगारा तरी बघून घेतात, नाहीतर कॉस्टकोत जाऊन बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या भरतात. मी म्हणालो, पोकिप्सीला जाऊ. बायको म्हणाली, "तिथे काय आहे?" म्हणालो, "एक स्मशान आहे." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याचं वर्णन इथे करत नाही. :)

पण त्या स्मशानात आनंदीबाई जोशी आहेत. म्हणजे त्यांच्या अस्थी आहेत. आणि गेली अकरा वर्षं 'एकदा जायला हवं' असं म्हणत आम्ही ते पुढे ढकलत होतो. त्या टेबलासारखंच.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असते, किंवा असं आपल्याला वाटत असतं. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी घरोघरी वाचली गेली, २०१९ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला. नऊ वर्षांची यमुना, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा बिजवर नवरा, शिक त्याचा तो हट्ट, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहाच दिवसांत गेलेलं बाळ, मग डॉक्टर होण्याचा निश्चय, अमेरिका, पदवी आणि परत आल्यावर काही महिन्यांतच मृत्यू. आपण ही गोष्ट नवरा-बायकोची म्हणून वाचतो. त्यात तिसरं एक माणूस आहे. ते नसतं तर ही गोष्ट बोटीत चढलीच नसती. ते माणूस आमच्या अपार्टमेंटपासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर राहायचं.

गोपाळराव पोस्टात कारकून होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा त्यांच्या बदल्या होत राहिल्या. म्हणजे यांचं सगळं आयुष्यच बिऱ्हाडाचं. बायकोला शिकवायचं तर अमेरिकेत काही सोय होईल का, म्हणून त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरसाहेबांनी उत्तर दिलं, की तुम्ही दोघं ख्रिस्ती होणार असाल तर मदत करू. जोशी दांपत्याने ते नाकारलं. खरं तर विषय तिथेच संपायचा. पण वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई आपल्या दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर ते मासिक पडलं होतं. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी चाळलं. एवढंच घडलं, बरं का. आपण दवाखान्यात बसल्यावर मोबाईल चाळतो तितकंच. पण त्या बाई घरी जाऊन थांबल्या नाहीत. हिंदुस्थानातल्या, कधी न पाहिलेल्या एका मुलीला त्यांनी पत्र लिहिलं, की तू अमेरिकेत आलीस तर माझ्या घरी राहा. धर्म बदलायची अट नाही.

मग पत्रं सुरू झाली. एक पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागायचे. पत्रांतून आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. भेट व्हायच्या आधी, चेहरा बघायच्या आधी नातं लागलं होतं. कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत ढासळली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनच ताप, धाप. तर या मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली. गुण आला नाही ही गोष्ट वेगळी. पण विचार करा, समुद्रापलीकडून औषधाची पुडी येतेय, तीही अशा बाईकडून जिने तुम्हाला कधी पाहिलंही नाही.

१८८३ मध्ये गोपाळरावांची बदली श्रीरामपूरला झाली (बंगालमधलं, आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे). त्यांनी ठरवलं की बायकोने एकटीने जायचं. यावरून गहजब झाला. ब्राह्मणाची बाई, एकटी, समुद्र ओलांडून! तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी लोकांसमोर उभं राहून आपण का जातोय हे सांगितलं. हिंदुस्थानात बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे, पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, हा त्यांचा मुद्दा. आणि त्यांनी एक ग्वाही दिली. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. वय वर्षे सतरा. अठरा पुरी व्हायला महिना होता.

माझ्या लेखी महत्त्वाचं ते पुढचं. म्हणजे निघायच्या आधीच परत यायचं जाहीर झालेलं होतं. हे बिऱ्हाड तात्पुरतं आहे, याची मुदत ठरलेली आहे, हे त्यांनी भरसभेत सांगून टाकलं होतं. आमच्यासारखं 'बघू, दोन वर्षं राहू, मग ठरवू' असं नाही.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट निघाली. ४ जून १८८३ ला न्यू यॉर्कला पोचली. अठ्ठावन्न दिवस. (पुढच्या वेळी विमानात मधली सीट मिळाली की हा आकडा आठवा.) धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः न्यायला आल्या होत्या. तिथून रोझेलचं घर.

या रोझेलची एक गंमत सांगतो, ती ऐकून इंजिनिअर मंडळी खूश होतील. थॉमस एडिसनला आपली वीज खांबांवरच्या तारांनी गावभर नेता येते हे दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्याने निवडलेलं गाव होतं रोझेल. १९ जानेवारी १८८३ ला तिथे डोक्यावरच्या तारांतून दिवे लागले. पुढे काही महिन्यांतच गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही विजेचे दिवे आले. आणि जूनमध्ये आनंदीबाई तिथे येऊन उतरल्या. समई आणि कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेली मुलगी जगातल्या पहिल्यावहिल्या विजेच्या गावांपैकी एकात राहायला आली! ज्याच्या नावाच्या गावात आम्ही अकरा वर्षं राहिलो (एडिसनला हे नाव १९५४ मध्ये मिळालं, मेन्लो पार्कची त्याची प्रयोगशाळा याच हद्दीत होती), त्याच माणसाच्या दिव्यांखाली आनंदीबाईंचं अमेरिकेतलं पहिलं बिऱ्हाड होतं. ओक ट्री रोडवर वडापाव खाताना मला हे कधी माहीतच नव्हतं.

तो उन्हाळा रोझेलला गेला. मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया. १८५० मध्ये स्थापन झालेलं, बायकांना डॉक्टर करण्यासाठीच काढलेलं कॉलेज. डीन रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. तिथला एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. इंटरनेटवर दर महिला दिनाला फिरतो. फोटोत दिसत नाही ती फिलाडेल्फियाची थंडी, परकं अन्न आणि हळूहळू छातीत घर करणारा क्षय.

सुट्ट्या लागल्या की आनंदीबाई रोझेलला जायच्या. वसतिगृहातलं पोर सुट्टीला मावशीकडे जातं तसं. यात गोड गोड असंच सगळं होतं असं समजायचं कारण नाही. आनंदीबाईंची मतं ठाम होती. अमेरिकन श्रोत्यांसमोर त्यांनी बालविवाहाच्या प्रथेची बाजू घेतली होती, हे नोंदलेलं आहे. स्वतः त्या प्रथेत पोळलेली बाई परक्यांपुढे तिची बाजू घेते, तेव्हा त्या श्रोत्यांना काय वाटलं असेल! पुढे गोपाळरावही अमेरिकेत आले आणि जाहीर व्याख्यानांतून त्याच देशावर तोंडसुख घेत फिरले. यजमानांना अवघडायला भरपूर वाव होता. पण रोझेलच्या घराचं दार बंद झालं नाही.

११ मार्च १८८६ ला पदवीदान झालं. 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' या विषयावर प्रबंध. त्यात आयुर्वेदाच्या ग्रंथांचेही दाखले आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांचेही. समारंभाला गोपाळराव होते. पंडिता रमाबाई होत्या. त्या लांबच्या नात्यातल्या, खास इंग्लंडहून आलेल्या. (रमाबाई थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि १८८८ पर्यंत राहिल्या. मुक्काम वाढवणं ही आपली जुनी परंपरा आहे तर!) व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच ते हॉस्पिटल. एकविसावं वर्ष लागायला... छे, पुरं व्हायलाही अजून वीस दिवस होते.

आणि मग निरोप. १८८६ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई न्यू यॉर्कहून निघाल्या. आल्या तेव्हा अशक्त होत्या, निघताना पार खंगलेल्या. तीन वर्षं चार महिने. आमच्या मुक्कामाचा एक तृतीयांशसुद्धा नाही. ठरल्याप्रमाणे त्या हिंदू म्हणून परत निघाल्या होत्या, ठरलेली पदवी घेऊन. कराराच्या भाषेत सांगायचं तर सगळे डिलिव्हरेबल्स पूर्ण.

१८८६ च्या शेवटी त्या हिंदुस्थानात पोचल्या. ज्यांनी जाताना नावं ठेवली होती त्यांच्यातलेही कितीतरी आता स्वागताला होते. कोल्हापूरला रुजू व्हायचं राहूनच गेलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना कमी होता.

आपल्या शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. खरी गोष्ट इथे संपत नाही. त्यांच्या अस्थी बोटीने परत अमेरिकेला गेल्या. कार्पेंटर मावशींकडे. आणि त्यांनी त्या आपल्या घराण्याच्या जागेत, हडसनकाठच्या पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या माणसांमध्ये ठेवल्या.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या बाईच्या अस्थी. मुळा-मुठा, नाशिक, काशी, सगळं सोडून त्या गेल्या न्यू यॉर्क राज्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या जागेत. आणि दोन्ही बाजूंनी कुणी कुणाचा धर्म बदललेला नव्हता. मावशीने बोलावताना अट घातली नव्हती, भाचीने जाताना आपलं काही सोडलं नव्हतं.

तर आम्ही निघालो. सकाळी आठला. पार्कवेने वर जाताना डाव्या-उजव्या हाताला पाट्या येतात त्यात रोझेल येऊन जातं. अकरा वर्षांत शेकडो वेळा तिथून गेलो असू, एअरपोर्टला कुणाला आणायला, सोडायला. या वेळी मुलीला म्हणालो, "इथे आनंदीबाईंची मावशी राहायची." ती म्हणाली, "सख्खी?" याला काय उत्तर देणार! म्हणालो, "पत्रातली."

पुढे न्यू यॉर्क थ्रूवे, मग मिड-हडसन ब्रिज. ट्रॅफिक नसेल तर दोन तास. पोकिप्सी म्हटलं की आपल्या व्यवसायातल्या लोकांना आयबीएम आठवतं. १९६४ चं सिस्टिम ३६० ज्या गावात आकाराला आलं ते हे गाव, आणि मेनफ्रेमचं ते माहेरघर. स्मशानभूमीच्या शेजारीच लोकस्ट ग्रोव्ह आहे, तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सचं घर. म्हणजे ज्या माणसाने निरोप क्षणात पोचवायची सोय केली, त्याच्या घराशेजारी पत्रांवर जगलेल्या नात्याचा शेवट आहे. आणि याच स्मशानभूमीत मॅथ्यू व्हॅसर आहेत, ज्यांनी १८६१ मध्ये याच गावात मुलींसाठी व्हॅसर कॉलेज काढलं. शेजार चांगला आहे एकूण.

मोठमोठी झाडं, उतारावर पसरलेले दगड, पलीकडे नदीच्या दिशेने उघडणारं आकाश. आपल्याकडच्या स्मशानासारखी भीती वाटत नाही, बागेत आल्यासारखं वाटतं. कार्पेंटर कुटुंबाच्या दगडांमध्ये एक दगड आनंदीबाईंचा. नाव, पदवी, जन्म आणि मृत्यूची सालं. भोवती सगळी कार्पेंटर मंडळी. मध्ये एक जोशी.

मी मनात काहीतरी मोठं वाटेल अशा तयारीने गेलो होतो. झालं असं, की बायको खाली बसली आणि दगडावरची पानं हाताने झाडायला लागली. आपण देव्हारा पुसतो ना, तशी. मुलीने पार्किंगजवळ वेचलेली दोन पिवळी फुलं ठेवली. पाच-सात मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग बायको म्हणाली, "तीन वर्षांत या मुलीने इथे असं माणूस जोडलं. आपण काय केलं रे अकरा वर्षांत?"

खरं सांगतो, परतीच्या दोन तासांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आपण 'तात्पुरतं' हा शब्द एक सबब म्हणून वापरतो. परत जायचं आहे म्हणून चांगलं टेबल नको, परत जायचं आहे म्हणून गावच्या मीटिंगला जायला नको, शेजाऱ्यांशी 'हाय, हाऊ आर यू'च्या पुढे जायला नको. आपली माणसं म्हणजे आपलीच, मंडळाची, गणपतीची, शनिवारच्या पॉटलकची. आनंदीबाईंचं परत जाणं आमच्यापेक्षा कितीतरी पक्कं होतं, सभेत शब्द दिलेला होता. तरी त्या ज्या घरात राहिल्या तिथे मावशी म्हणून राहिल्या, म्हणजे भाची होऊन. मुदत ठरलेली असणं आणि जीव लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अठराव्या वर्षी त्यांना कळलं होतं. आम्हाला बेचाळिसाव्या वर्षी, टेबल विकल्यावर.

आणि दुसरी गोष्ट. इथे आपण निरोप घेतो तो चेकलिस्टने घेतो. वीज बंद, गॅस बंद, इंटरनेटचा डबा परत, बँकेला नवा पत्ता, डिपॉझिट परत, किल्ल्या परत. टिक, टिक, टिक. सगळं क्लोज. आनंदीबाईंनीही हिशोब चोख पुरा केला होता, पण रोझेलच्या घराने मात्र ते खातं बंद केलं नव्हतं. म्हणून तर त्यांच्या मागे राहिलेलं पाठवायला जगाच्या दुसऱ्या टोकाला एक पत्ता होता.

पण बायकोच्या प्रश्नाचं उत्तर अगदीच 'काही नाही' असं नाहीये, हे मला रात्री आठवलं. आमच्या शेजारच्या दारात एक आजी राहतात. वय ऐंशी. एकट्याच. मुलगी झाली त्या फेब्रुवारीत, तुफान बर्फात, मध्यरात्री मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो तेव्हा या बाई नाइटगाऊनवर कोट चढवून फावडं घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते, आमची त्यांच्याकडे. मुलगी त्यांना आजी म्हणते. पहिली दोन वर्षं त्यांना वाटायचं, हे आपलं काहीतरी टोपणनाव आहे. मग एकदा अर्थ सांगितला. त्या हसल्या, आत गेल्या आणि जरा वेळाने डोळे पुसून बाहेर आल्या. हे सगळं मी इतके दिवस 'शेजारधर्म' या नावाखाली टाकून दिलं होतं. गुरुवारी रात्री एक भेटकार्ड आणि केक द्यायचा, असं आमच्या चेकलिस्टमध्ये लिहिलेलं होतं. सतराव्या नंबरला. इंटरनेटच्या डब्यानंतर.

काल रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. केक-बिक न घेता. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि तूप घेऊन. त्यांच्या टेबलावर जेवलो. चांगलं भक्कम ओकचं टेबल आहे, त्यांच्या लग्नातलं. मी त्यांना आनंदीबाईंची गोष्ट सांगितली, दाताच्या दवाखान्यापासून पोकिप्सीपर्यंत. त्यांनी एकच विचारलं, "त्या मावशीला त्यानंतर करमलं का?" मला याचं उत्तर देता आलं नाही. या अंगाने मी विचारच केला नव्हता. निघणाऱ्याचं निघणं आपल्याला दिसतं, मागे राहणाऱ्याचं घर रिकामं होतं ते दिसत नाही. बिऱ्हाड आमचं उठतंय, पण शेजार त्यांचाही सुटतोय.

निघताना मी त्यांच्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. शुक्रवारी आमच्या किल्ल्या ऑफिसात जमा करायच्या आहेत, त्यात चुकून ही जायला नको म्हणून. त्यांनी ती उचलली, माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुमच्या लीजमध्ये नाहीये."

ती आता पुण्याच्या फ्लॅटच्या किल्लीच्या जुडग्यात आहे. विमानतळावर सिक्युरिटीला दोन वेगळ्या देशांच्या किल्ल्या एकत्र दिसतील. दिसू देत.